भिंत मालकाची, उजेड आपला

प्रश्न : आम्ही दोघं आणि आमची पाच वर्षांची मुलगी नुकतेच भाड्याच्या वन रूम किचनमध्ये राहायला आलो आहोत. करार अकरा महिन्यांचा आहे. घर बघायला आलो तेव्हा रिकामी खोली चांगली ऐसपैस आणि उजेडाची वाटली होती. सामान लावलं आणि तीच खोली कोंदट, अंधारी वाटायला लागली. भिंती तर पांढऱ्याच आहेत! लहान घराला पांढरा रंग असावा, म्हणजे ते मोठं दिसतं, असं सगळे सांगतात. मग असं का व्हावं? मालकांनी एकही खिळा ठोकायचा नाही असं बजावलंय, म्हणून चिकटणारे हुक आणले, तर ते आठवड्याभरात रंगाच्या पोपड्यासकट खाली आले. सजावटीसाठी आम्ही फार तर पाच हजार रुपये बाजूला काढू शकतो. सासूबाई म्हणतात, अकरा महिन्यांच्या घरावर खर्च कशाला? आपण काय सांगाल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात एक नाही, पाच प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेत. खोली लहान का वाटते, पांढरा रंग कामाला का येत नाही, हुक का पडतात, पाच हजार कशावर खर्चावे, आणि मुळात खर्चावे का? एकेक गाठ सोडवत जाऊ. सासूबाईंचा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे, म्हणून तो शेवटी घेते.

खोली आक्रसली कशी?

आधी साधा हिशोब करू. तुमची बाहेरची खोली दहा बाय बाराची धरली, तर जमीन झाली १२० चौरस फूट. सहा बाय चारचा दिवाण २४ चौरस फूट खातो. कपाट, टेबल, दोन खुर्च्या आणि वॉशिंग मशीन मिळून आणखी वीसेक चौरस फूट जातात. म्हणजे तिसरा हिस्सा जमीन सामानाखाली गेली. पण तुम्हाला खोली तिसऱ्या हिश्श्याने नाही, निम्म्याने लहान झाल्यासारखी वाटत असेल. त्याचं कारण आपल्या नजरेत आहे.

खोली केवढी आहे हे डोळा फूटपट्टीने मोजत नाही. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या रेषेवरून आणि कोपऱ्यांवरून तो अंदाज बांधतो. रिकाम्या खोलीत चारही कोपरे दिसत होते. आता एका कोपऱ्यात कपाट आहे, दुसऱ्यात गाद्यांची चळत, तिसऱ्यात बॅगा आणि चौथ्यात मुलीची सायकल. नजर जिथे अडते तिथेच खोली संपली असं मनाला वाटतं. म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा आहे. दारातून आत आल्यावर समोर दिसणारा एक कोपरा जमिनीपर्यंत मोकळा करा. एवढ्यानेही फरक जाणवेल.

दुसरं कारण वेळेचं आहे. घर बघायला आपण बहुधा दिवसा जातो. खिडक्या सताड उघड्या असतात, पडदे नसतात, ग्रिलमध्ये कपडे वाळत नसतात. राहायला लागल्यावर मात्र आपण घरात असतो ते मुख्यतः संध्याकाळी सातनंतर. तुम्ही पसंत केली ती दुपारची खोली, आणि राहता ती रात्रीची. दोन्ही एकाच पत्त्यावर असल्या तरी त्यांचा उजेड वेगळा आहे.

पांढरा रंग नेमकं काय करतो?

आता पांढऱ्या रंगाबद्दलचा गैरसमज. रंग उजेड तयार करत नाही, आलेला उजेड परत फेकतो. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास उजेड परत देतो, तर गडद निळा किंवा मरून जेमतेम दहा टक्के. म्हणजे पांढऱ्या रंगाची कीर्ती खोटी नाही. पण ८० टक्के कशाचे? खिडकीतून येणारा उजेडच मुळात थोडा असेल, तर थोड्याचे ८० टक्केही थोडेच. अशा खोलीतली पांढरी भिंत उजळ दिसायच्या ऐवजी राखाडी, मळकट दिसते. उत्तरेकडच्या किंवा शेजारच्या इमारतीला खेटून असलेल्या खोल्यांत हे हमखास घडतं. तुमच्या भिंतीचा रंग वाईट नाही, त्याच्यापर्यंत उजेडच पोचत नाही.

मग उजेड अडतो कुठे, ते शोधा. खिडकीची डासांची जाळी काढून धुवा. तिच्यावर धूळ आणि स्वयंपाकाचा तेलकट धूर बसून बारीक छिद्रं बुजत जातात. काचा दोन्ही बाजूंनी पुसा. कपाट खिडकीला लागून असेल, तर ते खिडकी ज्या भिंतीत आहे त्याच भिंतीच्या दूरच्या टोकाला सरकवा. बाजूच्या भिंतीवर, खिडकीजवळ उभं असलेलं उंच कपाट आत येणारा उजेड दारातच अडवतं. ग्रिलमधले डबे आणि जुन्या बादल्या हलवा. यातल्या कशालाही पैसा लागत नाही, एक रविवार लागतो.

आरशाबद्दलही दोन शब्द. आरसा लावला की खोली मोठी दिसते, हे अर्धंच खरं आहे. आरसा समोर जे आहे तेच दुप्पट करतो. समोर खिडकी असेल, तर दुसरी खिडकी मिळाल्यासारखं वाटतं. समोर कपड्यांचा ढीग असेल, तर ढीग दोन होतात. म्हणून आरशाची जागा ठरवण्याआधी तो हातात धरून उभं राहा आणि त्यात काय दिसतं ते बघा. खिळ्याला बंदी आहे, तेव्हा जड आरसा जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवता येईल. मात्र घरात लहान मूल आहे, त्यामुळे तो कपाटाच्या किंवा दिवाणाच्या पायाला दोरीने घट्ट बांधल्याशिवाय ठेवू नका.

संध्याकाळचा उजेड

तुमच्या खोलीत एकच ट्यूबलाइट असणार, आणि तीही एका भिंतीवर उंच. भाड्याच्या बहुतेक घरांत असंच असतं. एकाच जागेवरून उजेड आला की समोरची भिंत उजळते आणि सामानाच्या मागे दाट सावल्या पडतात. कोपरे काळोखात गेले की पुन्हा तीच गोष्ट : कोपरा दिसत नाही, म्हणजे खोली लहान. यावर जास्त वॉटचा दिवा हा उपाय नाही. एकाऐवजी तीन ठिकाणांहून थोडा थोडा उजेड, हा उपाय आहे.

इथे निसर्गाचा एक नियम आपल्या मदतीला येतो. छोट्या दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की तिथे पडणारा उजेड चौपट होतो. छताजवळचा दिवा टेबलापासून साडेपाच-सहा फूट लांब असतो. तोच दिवा टेबलापासून तीन फुटांवर आणला, तर वीज तेवढीच जळून मुलीच्या वहीवर चौपट उजेड पडेल. म्हणून उंचावरच्या एका मोठ्या दिव्यापेक्षा कामाच्या जागेजवळचा लहान दिवा जास्त उपयोगी. खर्चही बघा. नऊ वॉटचा एलईडी बल्ब रोज पाच तास लावला, तर महिन्याला दीड युनिटसुद्धा जळत नाही.

बल्ब घेताना खोक्यावरचा एक आकडा जरूर वाचा. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा उजेड, आणि २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ऊबदार उजेड. दुकानात नुसता ‘एलईडी द्या’ म्हटलं की बहुधा ६५००चा हातात पडतो. आकडा मोठा तर उजेड जास्त, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. हा आकडा रंगाचा आहे, प्रमाणाचा नाही. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं आणि जास्त तापलं की पांढरट. त्याच तापमानाच्या मोजपट्टीवरून उजेडाच्या रंगाला हे आकडे मिळाले. उजेड किती, हे लुमेनच्या आकड्यावरून कळतं. ओट्यावर आणि अभ्यासाला पांढरा उजेड ठीक, पण बैठकीच्या कोपऱ्यात पिवळसर लावा. त्याच जुन्या भिंती, तीच जुनी चादर संध्याकाळी निराळी दिसेल.

दिव्याला शेड विकत घ्यायची गरज नाही. दिवाळीचा कागदी किंवा कापडी आकाशकंदील आपण पंधरा दिवस लावतो आणि मग माळ्यावर टाकतो. तोच कोपऱ्यात वर्षभर टांगता येतो. पूर्वीच्या पिवळ्या बल्बने कागद तापायचा, म्हणून हे धोक्याचं होतं. एलईडी त्या मानाने खूप कमी तापतो. तरी त्याची बैठक गरम होतेच, तेव्हा कागद तिला टेकू देऊ नका आणि वायर सतरंजीखालून नेऊ नका.

हुक का पडतो?

तुमच्या पत्रातच याचं उत्तर दडलं आहे. हुक ‘रंगाच्या पोपड्यासकट’ आला, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे हुकाने आपलं काम चोख केलं, हात सोडला तो रंगाने. हुक, गोंद, रंग, पुट्टी आणि गिलावा अशी ही साखळी असते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी. पडलेल्या हुकाची मागची बाजू बघायची सवय ठेवा. तिथे पांढरी भुकटी किंवा पोपडा दिसला, तर भिंतीचा रंग कच्चा. गोंद स्वच्छ असेल, तर भिंतीवर धूळ, तेल किंवा दमटपणा होता.

आणखी एक परीक्षा आहे. तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरं लागलं, तर भिंतीला चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे. अशा भिंतीवर जगातला कुठलाही चिकटणारा हुक टिकायचा नाही, तेव्हा पैसे घालवू नका. तेच हुक टाइल्सवर, लाकडी दारावर, काचेवर आणि लोखंडी कपाटाच्या बाजूवर मस्त टिकतात. जागा कोरड्या कापडाने पुसा, हुक दाबून लावा आणि एक दिवस त्याला काहीही अडकवू नका. काढताना पट्टी आपल्याकडे ओढायची नाही, भिंतीला समांतर खाली ताणायची. रंग निघतो तो बहुधा समोर ओढल्यामुळे.

मालकांच्या खिळ्याच्या धास्तीबद्दलही बोलू. एका खिळ्याने इमारत कमजोर होत नाही. मालकांचं दुःख वेगळं असतं. काँक्रीटच्या खांबावर किंवा तुळईवर खिळा जात नाही, भाडेकरू ठोकत राहतो आणि भोवतालचा गिलावा वाटीएवढा निखळतो. अलीकडच्या बऱ्याच इमारतींत तर भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच असतात. शिवाय स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भिंतीच्या पोटातून वायरींची नळी गेलेली असते. तिथे खिळा ठोकणं जिवावर बेतू शकतं. तेव्हा मालकांशी बोला. पहिल्याच दिवशी भिंतींचे फोटो काढून त्यांना पाठवा, म्हणजे आधीची भोकं कोणाची यावर सोडताना वाद होणार नाही. मग ‘दोन खिळे ठोकू का? जाताना पुट्टीने बुजवून देईन’ असं विचारा. लेखी हो आलं तरच ठोका.

नाहीच म्हणाले, तर असलेल्या खिळ्यांचा उपयोग करा. आधीच्या भाडेकरूंनी ठेवलेले दोन-चार खिळे बहुतेक घरांत असतात. दोन खिळ्यांमध्ये एक बांबू किंवा जाड सुतळी आडवी बांधली, की तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी मुलीची दहा चित्रं लागतात. ती दर आठवड्याला बदलता येतात, आणि भिंतीला नवं भोक एकही पडत नाही.

चिकटणाऱ्या वॉलपेपरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण हुकानंतर मन तिकडेच वळतं, म्हणून सांगते. ओल असलेल्या भिंतीवर तो लावू नका. विटेतून झिरपणारं पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन येतं. पाणी पृष्ठभागावर सुकतं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. वरून प्लास्टिकचा कागद लावला, की ओलीला बाहेर पडायची वाट बंद होते आणि मागे बुरशी धरते. तुमच्या भागातल्या पावसाळ्यात हे एका महिन्यात दिसेल. ओल झाकायची नसते, मालकांना दाखवायची असते. कपाटही अशा भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा.

एका साडीत दोन पडदे आणि वर थोडं

कापड हा भाडेकरूचा सर्वांत चांगला मित्र आहे. ते भिंतीला हात लावत नाही, धुता येतं आणि घडी करून सोबत नेता येतं. जुन्या पण मजबूत सुती साडीचा हिशोब बघा. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट लांब आणि ४५ इंच रुंद असते. पडद्याला छान चुण्या पडायच्या, तर कापडाची रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट हवी. तुमची खिडकी चार फूट रुंद, म्हणजे ४८ इंच असेल, तर साडीचे दोन तुकडे शेजारी शेजारी लावल्यावर ९० इंच होतात. जवळजवळ दुप्पट! खिडकीपुरत्या पडद्याला शिलाई धरून पाच-पाच फुटांचे दोन तुकडे लागतात. दहा फूट गेले, आठ फूट उरले. त्यात सामानाच्या उघड्या रॅकपुढचा पडदा होतो. साडीचे काठ आयतेच असल्याने बाजूंची शिलाईही वाचते.

रॉडसाठी भोकं पाडायला नकोत. खिडकीच्या चौकटीत दोन्ही बाजूंना दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो. हलक्या सुती कापडाचं वजन तो सहज पेलतो. दिवसा मात्र पडदे काचेवरून पूर्ण बाजूला सरकवा, नाहीतर जाळी धुवून मिळवलेला उजेड पुन्हा जाईल. आणि गॅसजवळच्या खिडकीला कापड लावूच नका.

दिवाणावर अंथरायला महागडा बेडकव्हर नको. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, वर्षानुवर्षं धुतली तरी टिकते आणि रंगानेच खोलीत उठाव आणते. पण एका खोलीत एकच गोष्ट बोलकी असू द्या. चादर नक्षीची असेल, तर पडदे साधे ठेवा. लहान जागेत चार नक्ष्या एकत्र आल्या, की पसारा नसतानाही पसाऱ्यासारखं वाटतं.

जुन्या घरांकडून शिकण्यासारखं

आता मुख्य मुद्द्याकडे येते. लहान घर अनाकर्षक दिसतं ते शोभेच्या वस्तू कमी असल्यामुळे नव्हे, तर रोजच्या वस्तूंना जागा नसल्यामुळे. जुने वाडे आठवा. भिंतीत कोनाडे असत, देवळ्या असत, फडताळं असत, लाकडी खुंट्या असत. दिवा देवळीत, टोपी खुंटीवर, लोणच्याची बरणी फडताळात. भिंत बांधतानाच वस्तूंची सोय झालेली असे. आजच्या फ्लॅटची भिंत सपाट असते आणि तिच्यावर खिळ्यालाही बंदी. मग वस्तू जाणार कुठे? जमिनीवर, खुर्चीवर आणि दिवाणावर.

मुंबईच्या बीडीडी चाळींत खोल्या १६० चौरस फुटांच्या. १९२०च्या दशकात बांधलेल्या या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मोठी कुटुंबं राहिली. चाळीतल्या घरांनी जागेचा प्रश्न कसा सोडवला? सकाळी अंथरुणाची वळकटी झाली, की तीच बैठकीचा लोड व्हायची. कॉट घडीची असायची. तिच्याखाली ट्रंका, दारावर फळी, आणि ओट्यावरच्या मांडणीत घासून लखलखीत केलेली भांडी. त्या मांडणीकडे बघा. ती सोयीसाठी होती, पण पाहुण्यांची नजर आधी तिच्याकडेच जायची. लहान घरात उपयोगाची वस्तू नीट लावली, की तीच शोभा होते.

भाड्याच्या घरात आपल्याला भिंतीतला कोनाडा मिळणार नाही, म्हणून उभा राहणारा कोनाडा आणायचा. पाच-सहा फुटी अरुंद लोखंडी किंवा बांबूचा रॅक जमीन थोडी खातो आणि उंची पुष्कळ वापरतो. घेताना दोन गोष्टी बघा. तो पायांवर उभा असावा, म्हणजे खालची जमीन दिसत राहील, आणि तो सुटा करून नेता यावा. खालच्या दोन फळ्यांपुढे साडीचा पडदा लावा, वरच्या फळ्या उघड्या ठेवा आणि मूल घरात असल्याने रॅक खिडकीच्या ग्रिलला बांधून टाका. पुण्यात असाल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार आणि बुरुड आळी, मुंबईकडे असाल तर चोर बाजार. अशा ठिकाणी पायी फिरून बघितलं, तर मजबूत जुनी वस्तू नव्या तकलादू वस्तूपेक्षा स्वस्तात पडते.

रोपांचं काय?

एखादं रोप जरूर ठेवा. मनीप्लांट कमी उजेडातही तग धरतो. मात्र दोन-तीन कुंड्यांनी घरातली हवा शुद्ध होते, या भरवशावर ठेवू नका. हा समज पसरला तो अमेरिकेतल्या नासाच्या १९८९च्या एका प्रयोगामुळे. तो प्रयोग सर्व बाजूंनी बंद केलेल्या लहान पेट्यांमध्ये झाला होता. आपल्या खोलीत दार-खिडक्यांतून हवा सारखी ये-जा करते, आणि तिच्यापुढे दोन कुंड्यांचं काम नगण्य ठरतं. हवेसाठी खिडकी उघडा, मनासाठी रोप ठेवा. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी आठवड्यातून एकदा नक्की बदला. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो.

पाच हजारांचा हिशोब

आता खर्चाची वाटणी. क्रम महत्त्वाचा आहे, आधी उजेड, मग जागा, शेवटी शोभा. एक हजार रुपये दिव्यांना : दोन-तीन बल्ब, होल्डर आणि एक टेबललॅम्प. आठशे पडद्यांच्या रॉडला आणि शिलाईला. दोन हजार रॅकला आणि डब्यांना. सातशे रुपये एका अशा वस्तूला, जी तुम्हा तिघांना मनापासून आवडते. चित्र असो, घोंगडी असो की मुलीच्या पसंतीची उशी. ती मात्र आठवड्याभरात घाईने घेऊ नका. महिनाभर घरात राहा, मग कळेल कुठली जागा रिकामी वाटते. उरलेले पाचशे बाजूला ठेवा. घर सोडताना पुट्टी आणि रंगाचा हात द्यायला ते लागतील, आणि ते खर्च केल्याने अनामत रकमेतून कापले जाणारे पैसे वाचतील.

मालक रंगाला तयार असतील, तर एका भिंतीचा विचार करा. दहा बाय नऊची भिंत नव्वद चौरस फूट होते, आणि एक लिटर इमल्शन तेवढ्या जागेच्या दोन हातांना पुरतं. लांबट खोलीच्या टोकाची भिंत जरा गडद केली, तर ती जवळ आल्यासारखी वाटते आणि खोलीचा बोगदेपणा कमी होतो. पण हे पैसे भिंतीवरच राहणार, तेव्हा मालकांनी खर्च वाटून घेतला तरच.

खर्चाचं तारतम्य ठेवायला मी एक साधी खूण वापरते. भाड्याच्या चार घरांतून सामान हलवताना ती मला सापडली. घर बदलताना जे टेम्पोत चढेल त्यावर पैसे घाला. दिवा चढतो, पडदा चढतो, रॅक चढतो. रंग, वॉलपेपर आणि जमिनीला चिकटवलेलं विनाइल चढत नाही.

आणि सासूबाईंचा प्रश्न

‘अकरा महिन्यांच्या घरावर खर्च कशाला?’ या काळजीमागे एक समजूत आहे, की अकरा महिने झाले की घर सोडायचंच. हा अकराचा आकडा कुठून आला? १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला लोक अकरा महिन्यांचा करार करू लागले आणि ती रीतच पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारण इथे उरलेलंच नाही. दोन-तीन वर्षांचे करारही होतात, आणि अकरा महिन्यांचे करार पुन्हा पुन्हा नवेही होतात. तुमचा नोंदवला आहे ना, तेवढं मात्र आजच बघा.

समजा, अकरा महिन्यांनी खरंच निघावं लागलं. तरी त्या सव्वातीनशेहून जास्त संध्याकाळी तुमच्याच आहेत. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे. ती याच खोलीत अक्षरं गिरवेल, आणि पुढे ‘आपलं पहिलं घर’ म्हणून तिला हीच खोली आठवेल. करार किती महिन्यांचा होता, हे तिला कधीच कळणार नाही. तिच्या वहीवर उजेड कुठून पडायचा, ते मात्र आठवेल.

म्हणून सासूबाईंना सांगा, त्यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. मालकाच्या भिंतीवर पैसे घालू नका. आणि त्यांच्याकडेच एखादी जुनी सुती साडी मागा. पडदे त्याच साडीचे झाले, तर अकरा महिन्यांनी घडी करून पुढच्या घरात नेताना त्यांनाही ते परके वाटणार नाहीत.